गढीवरची बाई

वऱ्हाडातल्या बऱ्याच गावांत गढी असते आणि गढीवर काही ना काही राहत असतंच. आमच्या गढीवर बाई होती. पांढऱ्या तोंडाची, बिनपायाची, आवाज न करता हवेतून जाणारी. रात्री बुरुजातून घोरल्यासारखी फुसफुस ऐकू यायची. ती धन राखते, असं जुनी माणसं सांगत.

1996 साली मी नववीत होतो. वर्गात हीच चर्चा रंगलेली असताना विज्ञानाचे सर आत आले. आता अंधश्रद्धेवर तासभर ऐकावं लागणार, असं आम्ही धरूनच चाललो होतो. सरांनी फक्त विचारलं, "कोनं कोनं पाह्यली?" रंगात आले की सर वऱ्हाडीतच बोलत.

बरेच हात वर झाले. सरांनी त्या पोरांना वेगवेगळं बसवलं, एकमेकांशी बोलू दिलं नाही आणि वहीच्या पानावर मधोमध रेघ मारायला लावली. डावीकडे ‘पाह्यलं’, उजवीकडे ‘वाटलं’. मग एकेकाजवळ बसून विचारत गेले. चांदणं होतं का? तू कुठी उभा होता? किती येळ दिसली? ‘बाई’ कोणाच्याच डाव्या रकान्यात टिकली नाही. उरलं ते एवढंच: गोल पांढरं तोंड, आवाज नाही, दिवेलागणीनंतर बुरुजाच्या भोकातून निघालं.

उंची मात्र सगळ्यांनी माणसाएवढी लिहिली होती. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सरांनी गढीच्या भिंतीवर बांबूला दीड फुटाचा पांढरा पंचा बांधला आणि आम्हाला खालच्या वाटेवरून अंदाज करायला लावला. बहुतेकांनी दुप्पट सांगितला. तेव्हाच त्यांनी हिममानवाची गोष्ट काढली. 1951 मध्ये एरिक शिप्टन यांना एव्हरेस्टजवळच्या मेनलुंग हिमनदीवर मोठं पाऊल दिसलं. त्यांनी शेजारी बर्फ फोडायची कुऱ्हाड ठेवून फोटो काढला, म्हणूनच त्या ठशाच्या आकाराविषयी इतक्या वर्षांनीही बोलता येतं. उन्हाने बर्फ वितळलं की ठसा पसरतो, हेही सरांनी सांगितलं आणि लगेच आमच्याकडे वळले: "आपल्या बाईचा ठसा कुठी सापडन?"

ठसे नाही सापडले. बुरुजाखाली अंगठ्याएवढे काळपट गोळे सापडले. सरांनी ते बशीत कोमट पाण्यात भिजवले आणि बाभळीच्या काट्याने हलकेच सोडवायला दिले. आतून केसांचा लगदा निघाला, सुईसारख्या बारीक फासळ्या निघाल्या, आणि मग अख्खी कवटी, पुढच्या दातांचा रंग नारिंगी. उंदराची! काळ्या कागदावर आम्ही ती हाडं मांडली. ते दृश्य मला आजही लख्ख आठवतं.

घुबड न पचलेले केस-हाडं असे गोळे करून ओकून टाकतं. गव्हाणी घुबड असावं, हे तोवर आमच्या लक्षात आलं होतं. सर तिथेही थांबले नाहीत. घुबड असेल तर आणखी काय काय सापडायला हवं, ते आधी लिहा, मग जाऊन बघा. आम्ही लिहिलं: विष्ठेचे पांढरे ओघळ, पिसं, पिल्लं. तिन्ही सापडलं. फुसफुस पिल्लांचीच होती. पिसाची एक कड कंगव्यासारखी झालरदार होती. त्या झालरीमुळे उडताना फारसा आवाज होत नाही.

हे गावात सांगितलं तेव्हा एक म्हातारी आजी म्हणाली, "तुमचं घुबड असन, म्या पाह्यली ते येगळी." आम्ही हसलो. सर हसले नाहीत. "आजी, पुन्हा दिसली त सांगजा, मी येतो," म्हणाले आणि तिचं म्हणणं रजिस्टरात लिहून घेतलं. माझ्या मते सरांच्या शिकवण्यातली ही सर्वांत मोठी गोष्ट होती. ‘आहे’ म्हणणाऱ्याला जे प्रश्न, तेच ‘नाही’ म्हणणाऱ्यालाही.

पुढच्या वर्षी, नोव्हेंबर 1997 मध्ये, शहाद्याजवळ वनपिंगळा हे छोटं, दुर्मिळ घुबड पुन्हा सापडलं. 1884 नंतर त्याची खात्रीची नोंदच नव्हती. 1914 ची एक होती, पण ती मायनर्ट्झहागेन या ब्रिटिश अधिकाऱ्याने चोरलेल्या नमुन्यावर खोटं लेबल लावून केलेली. हा बनाव पक्षिशास्त्रज्ञ पामेला रासमुसेन यांनी उघड केला; खोटं ठिकाण बाजूला पडल्यावर खऱ्या ठिकाणी शोध घेता आला. पुढे हा पिंगळा आमच्या शेजारच्या मेळघाटातही आढळला. 2017 मध्ये यतीचे, म्हणजे त्याच हिममानवाचे, म्हणून जपलेल्या हाडं, केस, कातडीच्या नऊ नमुन्यांची डीएनए तपासणी झाली. आठ अस्वलांचे निघाले, एक कुत्र्याचा, आणि त्यातून हिमालयातल्या अस्वलांच्या वंशाविषयी नवी माहिती हाती आली. ही बातमी वाचताना सरांची फार आठवण झाली.

शाळेच्या सुवर्ण महोत्सवानिमित्त आमच्या बॅचने प्रयोगशाळेला दोन दुर्बिणी, मोजपट्ट्या, ठसे घ्यायला प्लास्टर ऑफ पॅरिस आणि कोऱ्या रजिस्टरांचा गठ्ठा द्यायचं ठरवलं आहे. गढीची माती लोक शेतात नेतात, बुरूज आता अर्धाच उरलाय. तिथे घुबडं अजून आहेत की नाहीत, ही पहिली नोंद यंदाच्या नववीने करावी, एवढी विनंती.