भोवत्या बघायचाय? मग वारकऱ्यांवर नजर ठेवा

भोवत्या हा शिकारी पक्षी बघायला नाशिकहून पहाटे पाचला दुचाकीवर निघालो. नांदूरमध्यमेश्वरचं पक्षी अभयारण्य ४०-४५ किलोमीटर, पण डिसेंबरात निफाडच्या बाजूला हातमोजे विसरून जाऊ नका. मी विसरलो होतो. पोचल्यावर दुर्बिणीचं चाक फिरवायला बोटंच वळेनात.

चापडगावच्या मनोऱ्यावर अर्धा तास आभाळाकडे बघत बसलो. शिकारी पक्षी म्हणजे उंच घिरट्या, असं डोक्यात पक्कं बसलेलं. शेवटी सोबतचा गाईड म्हणाला, "दादा, वर काय बघताय? वारकरी बघा." वारकरी म्हणजे ते काळे, कपाळावर पांढरा टिळा असलेले पाणपक्षी. निवांत पसरलेले शेकडो वारकरी अचानक पाणी उडवत एकमेकांना चिकटले. आणि मग दिसला दलदली भोवत्या. पाणकणसांच्या शेंड्यांवरून, पंख उथळ 'व्ही'सारखे उचलून, तरंगत. मादी होती: चॉकलेटी अंग, डोकं सायीच्या रंगाचं. एका मागे राहिलेल्या वारकऱ्यावर ती घोटाळली, त्याने बुडी मारली, ती पुढे निघाली. वरून झेप वगैरे काही नाही. शेत धुंडाळणाऱ्या माणसासारखी चाल. घुबडासारखी चेहऱ्याची तबकडी असल्याने गवतातली खसखसही या भोवत्यांना ऐकू येते म्हणतात ते अशा वेळी पटतं.

हे पाहुणे युरोप आणि मध्य आशियाच्या पाणथळीतून सप्टेंबर-ऑक्टोबरात येतात, मार्च-एप्रिलपर्यंत परततात. घरटं तिकडेच, पाणगवताच्या दाटीत, जमिनीलगत. विणीच्या दिवसांत नर उडता उडताच भक्ष्य सोडतो आणि मादी ते हवेत झेलते. तो खेळ आपल्याकडे दिसायचा नाही. झोपतातही जमिनीवरच, गवतात, त्यामुळे संध्याकाळी गवताळ पट्ट्यात पायी घुसू नका.

गोदावरी-कादवेच्या संगमावरचं हे पाणी राज्यातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा; गर्दी रविवारी असते, तेव्हा मधला वार गाठा. एसटीने येणार असाल तर निफाडला उतरून पुढचं वाहन आधी ठरवा. चहा-नाश्ता निफाडलाच उरका. स्थानिक गाईड घ्याच, आम्हाला तर त्याच्याशिवाय नुसतं आभाळच दिसलं असतं. नर ओळखायला राखाडी पंख आणि काळी टोकं शोधा. आम्हाला दुपारपर्यंत तीन माद्याच दिसल्या, निदान आम्ही तरी त्यांना माद्या समजलो. वयात न आलेले पक्षीही तसेच दिसतात.