लाटोनाचा शेतकरी: तिसरं ओतकाम

मंडळी, मागच्या वेळी पुतळ्याचा पाय मोडला होता. या वेळी पाय शाबूत आहे, पण तोंड बुजलंय.

नव्यानं वाचणाऱ्यांसाठी: फ्रान्समधल्या व्हर्सायच्या राजवाड्याच्या बागेत लाटोनाचं कारंजं आहे, त्यातला एक शेतकरी मी वीतभर उंचीचा, कथिलात ओततोय. गोष्ट अशी की अपोलो आणि डायना ही तान्ही जुळी घेऊन तहानलेली देवी लाटोना लिसियातल्या (आजच्या तुर्कस्तानात) एका तळ्याशी येते. गावकरी पाणी तर देत नाहीतच, वर तळ्यात उड्या मारून गाळ ढवळतात. मग ती शाप देते आणि त्यांचे बेडूक होतात. गास्पार आणि बाल्तझार मार्सी या शिल्पकार भावांनी 1668 ते 1670 मध्ये हे काम केलं, आणि त्यांनी नेमका मधला क्षण पकडलाय. हात-पाय माणसाचे, पण तोंड फाकत फाकत बेडकाचं होत चाललंय. कारंज्याची आज दिसणारी थरांची उतरंड मात्र वास्तुकार आर्दुअँ-मान्सारनं 1687 ते 1689 मध्ये रचली.

देवी संगमरवराची, शापित मंडळी शिशाची! वरून सोन्याचा मुलामा, ते सोडा. मला यात उच्च-नीच फारसं दिसत नाही, सोय दिसते. प्रत्येक तोंडातून पाणी उडवायचं, म्हणजे आत नळी हवी. शिसं 327 अंशांना वितळतं, ब्राँझला त्याच्या जवळजवळ तिप्पट आच लागते. शिवाय शिसं स्वस्त.

पण शिसं पाण्याच्या अकरा पट जड आणि इतकं मऊ की नखानं ओरखडा उठतो. कोकणात मासे धरायच्या जाळ्याच्या शिशाच्या गोळ्या दातानं चेपणारे आजोबा मी पाहिलेत (तुम्ही चेपू नका). एवढा मोठा पुतळा स्वतःच्याच भारानं वर्षानुवर्षं खचत जातो, म्हणून पोटात लोखंडाचा सांगाडा घालतात. सांध्यातून पाणी झिरपतं, लोखंड गंजतं, गंजून फुगतं आणि शिशाला आतून फाडतं. आधार द्यायला घातलेलाच घात करतो. त्याच बागेतल्या, शिल्पकार त्युबीनं केलेल्या अपोलोच्या रथाचंही हेच झालं होतं.

मी घरात शिसं वितळवत नाही, धुराची भीती. कल्हईवाल्याकडून कथील आणतो, ते 232 अंशांना वितळतं. साचा सिलिकॉन रबरचा, दोन तुकड्यांचा, आतून टाल्कम पावडर.

दुसऱ्या खेपेला डावी पोटरी साच्यातून काढतानाच तुटली. या वेळी त्यात सायकलच्या चाकातल्या स्टेनलेस आरीचा (स्पोकचा) तुकडा घातला. पहिला प्रयत्न थंड आरीवर केला, तर कथील तिला धरेचना, भोवती सुरकुतल्यासारखं गोठलं. आरी गॅसवर तापवून मग ओतलं, तेव्हा पोटरी एकजीव आली. अंगठ्यानं दाबून पाहिली, हलत नाही.

तोंडाची चूक सर्वस्वी माझी. दोन मिलिमीटरची तांब्याची नळी जबड्यात बसवली आणि तिच्यात कथील जाऊ नये म्हणून टोकाला शाडूचा बोळा लावला. वरून सुकलेला वाटला, आत ओल होती. ओतताक्षणी फुस्स! वाफेनं एक थेंब उडून गॉगलच्या काचेवर बसला. त्या दिवशी गॉगल नसता तर आज ही नोंद दुसऱ्या कुणाला टंकावी लागली असती. वाफेनं धातू मागे ढकलला, बोळा फुटला, नळीत कथील शिरलं, आणि ज्यासाठी सगळा खटाटोप तो वासलेला जबडा गोळा होऊन बसला. बोटांमधले पडदे मात्र सुरेख उतरलेत, अगदी कडेच्या घडीसकट.

आता बोळा प्लास्टरचा, ओव्हनमध्ये दोन तास भाजून. वरच्या ओठामागे हवा निघायला एक बारीक वाट कोरणार. हा फसलेला शेतकरी परत भांड्यात जाईल. पाय तेवढा कापून नमुना म्हणून ठेवतोय.

रंगाचं अजून ठरत नाही. मुलामा द्यावा तर मूळचं रूप येतं. पण व्हर्सायच्याच भुलभुलैयात इसापच्या गोष्टींची 39 कारंजी होती आणि त्यातले शिशाचे प्राणी नैसर्गिक रंगांत रंगवलेले होते. ती 1775 च्या सुमारास गेली. तेव्हापासून माझ्या डोळ्यांपुढे हिरवट तोंडाचा, तांबूस हातांचा शेतकरीच येतोय. कथिलावर टिकणारा प्रायमर (रंगाखालचा पहिला थर) कुणी वापरला असेल तर सांगा, माझा नखानं निघतो.