बारापेडेची वाट: जीपवाल्याच्या शब्दावर जाऊ नका

बेळगाव जिल्ह्यातल्या जांबोटीत कुणी ‘वटवाघळांच्या बारापेडे गुहेच्या पायथ्यापर्यंत गाडी जाते’ म्हणालं तर पैसे खिशातच ठेवा. आम्हा तिघांकडून साडेतीन हजार आधी मोजून घेतले आणि नाल्याच्या अलीकडेच उतरवलं. “पाव्हणं, पलीकडं दिसतंय बघा, तेच.” त्या ‘तेच’ला पोचायला साडेतीन तास लागले. वर परतीचं भाडं वेगळं मागितलं! दर येण्याजाण्याचा ठरवा आणि निम्मे पैसे परत आल्यावरच द्या.

वनखात्याची परवानगी आधी काढा. गुहा भीमगडच्या जंगलात आहे आणि ते २०११ पासून अभयारण्य आहे, खानापूर तालुक्यातलं जवळपास १९० चौरस किलोमीटर जंगल. सोबत वनरक्षक हवाच. पावसाळ्यात तर नावच काढू नका.

नाल्यापलीकडचा कारवीचा चढ मात्र विसरता येत नाही. खाली जांभ्याचा चुरा, वर ओला पाचोळा. आधाराला कारवी धरावी तर काडकन मोडून हातात येते. मी दोनदा घसरलो, दुसऱ्यांदा कोपर सोलून निघालं. इथे झाडाची मुळं धरा, शेंडे नकोत. नोव्हेंबरात जळवा कमी होत्या, पण गोचिडींसाठी पँट मोज्यात खोचा. माकडताप मुख्यतः गोचिडीतून पसरतो, शेजारच्या दोडामार्गात २०१६ मध्ये त्याची साथ येऊन गेली आहे. मेलेलं माकड दिसलं तर जवळ न जाता वनखात्याला कळवा.

गुहेच्या तोंडाशी एक वटवाघूळ वाळून पडलं होतं. हात न लावता गुडघे टेकून बघितलं: नाकाच्या वर एकमेकांना जुळलेले भलेमोठे कान, गडद तपकिरी अंग आणि पडद्यातून अर्धी मोकळी सुटलेली शेपटी. हेच ते व्रॉटनचं वटवाघूळ. १९१३ मध्ये विज्ञानाला याची ओळख झाली ती याच गुहेतल्या नमुन्यांवरून, आणि कित्येक वर्षं जगात दुसरीकडे कुठेच ते माहीत नव्हतं. पुढे मेघालयात आणि कंबोडियात सापडलं. आतून चिरचिर ऐकू येत होती, लेंडीचा उग्र वास बाहेरपर्यंत होता. त्या क्षणी कोपराचं दुखणं मी पार विसरलो.

वाटेत भेटलेला एकजण टॉर्च घेऊन आत न्यायला तयार होता, माणशी दोनशेत. आमच्या वनरक्षकाने त्याला तिथूनच हाकललं, आणि बरं केलं. उजेडाने आया बिथरून उडतात, चिकटलेली पिल्लं खाली पडतात, ती पुन्हा वर जात नाहीत. आत जाऊ नका, कुणी फुकट नेलं तरी नाही.

दुसऱ्या दिवशी गोकाककडच्या माळावर गेलो. धाविक या माळावरच्या पक्ष्यांची जोडी दिसली, लांडगा नाही. रस्ता सोपा, सांगण्यासारखं फारसं नाही.

पाणी माणशी तीन लिटर न्या. आमचं दोन लिटर परतीच्या नाल्याआधीच संपलं.