मीठ सोडलं का हो?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते, कारण डब्यात लोणचं दिसलं नाही की ऑफिसात कोणी ना कोणी विचारतंच, "काय हो, बीपीमुळे मीठ सोडलंत का?" सोडलं नाहीये, कमी केलंय, आणि गोळीही चालू आहे, ती आपल्या मनाने बंद करायची नसते.

झालं असं की एकदा बरणीत मोजून 200 ग्रॅम मीठ भरलं. घरात माणसं चार. सहाव्या दिवशी बरणी रिकामी! म्हणजे माणशी रोज 8 ग्रॅमच्या वर, आणि जागतिक आरोग्य संघटना म्हणते 5 ग्रॅमच्या आत ठेवा. यात पापड, फरसाण, ब्रेड धरलेलंच नाही.

पण सगळे मिठाच्याच मागे लागतात, पोटॅशियमचं नाव कोणी काढत नाही. मिठातलं सोडियम शरीरात पाणी धरून ठेवतं, पोटॅशियम तेच सोडियम लघवीवाटे बाहेर काढायला किडनीला मदत करतं, शिवाय रक्तवाहिन्याही जरा सैल होतात. ते असतं मूग-मटकीत, केळ्यात, रताळ्यात, शहाळ्यात, पालेभाज्यांत. आणि मी इतकी वर्षं काय करायचे तर पालक उकडून ते हिरवं पाणी सरळ मोरीत ओतायचे, पोटॅशियम त्याच पाण्यात उतरलेलं असतं! आता ते आमटीत घालते, रंग थोडा विचित्र येतो, पण चालतं.

चीनच्या 600 खेड्यांत जवळजवळ 21 हजार लोकांवर एक मोठा अभ्यास झाला, 2021 मध्ये छापून आला. निम्म्या गावांना नेहमीचं मीठ आणि बाकीच्यांना पाव हिस्सा पोटॅशियम क्लोराइड मिसळलेलं, तर त्या दुसऱ्या गावांत पक्षाघाताचं प्रमाण 14 टक्क्यांनी कमी निघालं. वाचल्यावर मी लगेच तसलं मीठ आणायला निघाले होते, डॉक्टरांनी थांबवलं, किडनीचा त्रास असेल किंवा बीपीच्या काही ठराविक गोळ्या चालू असतील तर रक्तात पोटॅशियम वाढून हृदयाला धोका होतो म्हणे, आधी रक्त तपासा. आणि सैंधव खा म्हणणाऱ्यांनो, तेही बहुतेक सोडियम क्लोराइडच असतं, फक्त गुलाबी.

सध्या तीच बरणी नऊ दिवस पुरते. नवरा बाहेर वेफर्स खातो ते सोडून.