गाळाची वही, महिना चौदावा: मिठाने केलेला घोळ

मंडळी, मागच्या वेळी मी छातीठोकपणे लिहिलं होतं की माझ्या जागेवर समुद्राच्या पाण्यातला गाळ वर्षभर थोड्याफार फरकाने तेवढाच राहतो. ते शब्द मागे घेतो. चुकला तो मी, समुद्र नव्हे.

पहिली चूक साधी. दर रविवारी सकाळी 9 ला बाटली भरायची हा नेम. पण उधाण (सर्वांत मोठी भरती-ओहोटी) ते भांग (सर्वांत लहान) हे अंतर साधारण 7.4 दिवसांचं. म्हणजे एक रविवार उधाणाचा, पुढचा भांगाचा, शिवाय एकदा भरती तर एकदा ओहोटी! आलेख करवतीसारखा वरखाली होई आणि मी त्यात ऋतू शोधत बसलो होतो. आता फक्त उधाणाला, भरती ओसरायला लागल्यावर 2 तासांनी भरतो. उधाणाची भरती एका जागी साधारण त्याच वेळेला येते, त्यामुळे झोपमोडही ठरलेली.

दुसरी चूक जास्त झोंबली. अर्धा लिटर पाणी गाळणकागदातून गाळायचं, कागद 105 अंशांवर वाळवायचा, वजन करायचं. पण ओल्या कागदात अर्धा मिलिलिटर समुद्राचं पाणी अडकलं, तरी त्यात 17 मिलिग्रॅमच्या आसपास मीठ असतं. शंका आली म्हणून एकदा गाळून नितळ झालेलं पाणीच नव्या कागदावरून परत सोडलं. गाळ शून्य, तरी कागद 14 मिलिग्रॅमने जड! लिटरमागे 28 मिलिग्रॅम गाळ मी फुकटात मोजत होतो.

आणि खरी गंमत पुढे आहे. ही चूकही ऋतूप्रमाणे बदलते. कोरड्या महिन्यांत पाणी पूर्ण खारट, म्हणून 40 च्या आकड्यात 28 मिठाचे. पावसात नदीचं पाणी मिसळून खारटपणा निम्म्यावर येतो, म्हणून 50 मध्ये मिठाचे जेमतेम 14. म्हणजे 12 आणि 36, तिप्पट फरक, आणि मला दिसत होते 40 आणि 50. आता डिस्टिल्ड पाण्याने 20-20 मिलिलिटरचे तीन हात देतो. कागदाची कड फनेलखाली दाबलेली असते, तिथे पाणी पोचतच नाही. फनेल काढून तीही धुवायची. कोरी चाचणी, म्हणजे तीच नितळ पाण्याची, आता अर्ध्या मिलिग्रॅमच्या आत येते.

नव्या पद्धतीने दिसलेली गोष्ट: गढूळपणा पावसाची वाट बघत नाही. आधी लांब लाटा येतात. 8 सेकंदांची लाट खोल पाण्यात सुमारे 100 मीटर लांब असते आणि तिचा हेलकावा लांबीच्या निम्म्यापर्यंत, म्हणजे 50 मीटर खोल, जाणवतो. किनाऱ्याजवळचा उथळ तळ त्यात सहज ढवळतो. नदीचा गाळ नंतर येतो.

लाटांच्या दिवसांतली एक आणि नदीचा गाळ आल्यावरची एक, अशा दोन बाटल्या खिडकीत ठेवल्या तर फरक डोळ्यांना दिसतो. लाटांनी उठवलेले भरड कण मी चहा करेपर्यंत तळाशी बसले. 20 मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) कण 30 सेंटिमीटर खाली यायला पाऊण तासाचीही गरज नसते, पंधरा मिनिटं पुरतात. 2 मायक्रॉनच्या सुट्या कणाला जवळपास अख्खा दिवस लागतो. नदीच्या बाटलीत मात्र तासाभराने भुरकट पुंजके तरंगताना दिसले. खाऱ्या पाण्यात चिकणमातीचे कण एकमेकांना चिकटतात, त्यांचे हे गोळे. बाटली हलवली की मोडतात, म्हणून नमुना घुसळू नका, हळूच उलटापालटा करा.

सेक्की चकतीचं (पाण्यात सोडून किती खोलवर दिसते ते बघायची चकती) आणि वजनाचं अजूनही जमत नाही. निवांत महिन्यांत पाणी हिरवट असतं, चकती लवकर दिसेनाशी होते, पण कागदावर फारसं काही येत नाही. तो प्लवकांचा, म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म जीवांचा प्रताप, असा माझा कयास.

पहिल्या 9 महिन्यांच्या पानांवर पेन्सिलीने तिरकी रेघ मारली आहे. खारटपणा तेव्हा नोंदलाच नव्हता, त्यामुळे आकडे दुरुस्तही करता येत नाहीत. पुढच्या उधाणाला दोन बाटल्या भरणार: एक पृष्ठभागाची, एक तळापासून हातभर वरची.