पाणी गढूळच हवं

प्रकाशयोजनेच्या धंद्यात पाण्याइतकं बेइमान दुसरं काही नाही. कापडावर, लाकडावर, माणसाच्या चेहऱ्यावर लाइट टाकला की तो तिथे ठरतो. पाण्यावर डोक्यावरून सरळ टाकला तर जेमतेम दोन टक्के उजेड परत येतो, बाकीचा थेट तळाशी. फार तिरका टाकला तर पाण्याचा आरसा होतो आणि समोरच्या प्रेक्षकाचे डोळे दिपतात. व्हिएतनाममध्ये, हनोईत जलबाहुल्यांच्या म्हणजे पाण्यावर नाचवायच्या बाहुल्यांच्या एका नव्या प्रयोगाचे लाइट करायला मला बोलावलं, तेव्हा सगळी चिंता या दोन कोनांमधली जागा शोधण्याची होती. भांडण भलत्याच गोष्टीवरून झालं.

दिग्दर्शिका तिशीतली, बाहेर शिकून आलेली. तिला पाणी नितळ हवं होतं. अगदी पिण्याच्या पाण्यासारखं.

आता हे म्हणजे नाटकात विंगा काढून टाकण्यापैकी होतं. या खेळात सगळी करामत पाण्याखाली असते. अंजिराच्या जातीच्या हलक्या लाकडाची, लाखेच्या थरांवर थर चढवलेली बाहुली वर तरंगते. तिच्या बुडाला पाण्यात बुडालेली बैठक, बैठकीला तीन-चार मीटर लांबीचा बांबू, टोकाला सुकाणू, आणि हात-मान हलवायला दोऱ्या. बांबूचं दुसरं टोक धरून कलाकार कमरेएवढ्या पाण्यात, बांबूच्या पट्ट्यांच्या पडद्यामागे उभा. गावच्या तळ्याचं पाणी मुळातच गढूळ, त्यामुळे काही दिसत नाही. शहरातल्या थिएटरात टाकीचं पाणी मुद्दाम हिरवट ठेवतात.

"हजार वर्षं ही माणसं पडद्यामागे भिजतायत," ती म्हणाली. "लोकांना ड्रॅगन दिसतो, परी दिसते, राजा दिसतो. भिजणारा माणूस दिसत नाही. मला तो दाखवायचाय."

हजार वर्षं हे तिने उगाच म्हटलं नव्हतं. हनोईच्या दक्षिणेला दोई टेकडीवरच्या पॅगोडात ११२१ सालचा शिलालेख आहे. ली न्यान तोंग राजासमोर लाटांतून सोनेरी कासव वर आल्याचं वर्णन त्यात कोरलंय. आणि भिजणंही साधं नाही. थंडीत पाण्यात उतरण्याआधी अंगात ऊब यावी म्हणून जुने कलाकार नुओक माम, म्हणजे मासे आंबवून केलेला खारा रस, प्यायचे. नुसतं, घोट घोट. मी वासानेच मागे सरलो.

तिच्या समोर होते लाल नदीच्या खोऱ्यातल्या एका गावच्या फडातले काका. सत्तरीला आलेले. या फडांची गुपितं गावाबाहेर जात नसत. मुलगी लग्न होऊन परगावी जाईल, सोबत विद्या नेईल, म्हणून बायकांना शिकवतही नसत. ते आता बदललंय, पण एका मुलीने दोऱ्या उघड्यावर आणायला सांगणं काकांना किती झोंबलं असेल ते दिसत होतं. दुभाष्याने तिचं म्हणणं सांगितल्यावर ते एवढंच म्हणाले, "मग बाहुली कशाला? मीच येतो बाहेर."

माणूस दाखवण्याला माझा विरोध नव्हता. २००९ मध्ये टोरोंटोत कॅनडाचे दिग्दर्शक रोबेर लपाज यांनी स्ट्राविन्स्कीच्या ऑपेरासाठी वाद्यवृंदाच्या खड्ड्यात पाणी भरलं होतं आणि गायक त्या पाण्यात उभे राहून स्वतःच बाहुल्या नाचवत होते. होआन कियम तळ्याकाठच्या थांग लाँग थिएटरात मात्र रोज पर्यटकांसाठी तासाभराच्या आत आटपणारे तेच ते खेळ होतात म्हणून शहाणे लोक नाकं मुरडतात. मी मुरडत नाही. त्या तिकिटांवर घरं चालतात. पण काही नवं करायचं तर ते दुसरीकडेच करावं लागतं, आणि म्हणून आम्ही त्या पत्र्याच्या शेडमधल्या टाकीभोवती जमलो होतो.

दुपारी तालीम सुरू झाली. तळाशी बारा व्होल्टचे दिवे, पाणी काचेसारखं. नदीकाठचं गाव: भात लावणाऱ्या बायका, बदकं, बदकांवर टपलेला कोल्हा. दिग्दर्शिकेला हवं होतं ते सगळं दिसलं. बांबू वळताना सुकाणू कसं पलटतं, दोरी कुठे ताणते, पडद्याखालून दिसणारे रबरी बूट. पहिली दोन-तीन मिनिटं मी हरखून बघत होतो. मग लक्षात आलं, बाहुलीकडे कुणीच बघत नाहीये. सगळ्यांची नजर दांड्यावर.

पुढचा प्रसंग पुराचा. ढोल वाढला, एका तारेच्या दान बाउचा सूर लांबत गेला, मी निळ्या उजेडाचा क्यू, म्हणजे इशारा, दिला. आणि पडद्याच्या खालच्या कडेतून तपकिरी काहीतरी सरपटत पुढे आलं. तळालगत, मुळ्या फुटाव्यात तसं. पहिला दिवा पिवळा पडला, मग तांबूस, मग गेला. दुसरा. तिसरा. बांबू अर्ध्यातून तुटल्यासारखे दिसेनासे झाले, बैठका गेल्या, आणि भात लावणारी बाई टोपली घेऊन पाण्यावर एकटी उभी राहिली. तिची मान वळली. शेडमधल्या सगळ्या माना तिच्याबरोबर वळल्या.

दिग्दर्शिका "थांबा!" म्हणून ओरडली होती, पण ढोलात कुणाला ऐकू गेलं नाही. शेवटपर्यंत ती तशीच उभी राहिली.

काका पडद्याबाहेर आले ते हातात रिकामी बादली घेऊनच. गावच्या तळ्यातला गाळ त्यांनी सकाळीच आणून ठेवला होता. लपवण्याचा प्रयत्नसुद्धा नाही. मला वाटलं आता ठिणगी पडणार. ती टाकीच्या काठावर बसली, पाण्यात हात घालून बोटं चोळली आणि म्हणाली, "परत करूया."

"परत कसं?" काका म्हणाले. "पाणी गेलं की."

खरी अडचण तिथून सुरू झाली. नितळ पाणी गढूळ करता येतं, उलट होत नाही. म्हणजे दर तालमीला टाकी उपसायची, धुवायची, भरायची. दिवसाला एकच तालीम. त्यातून गाळ दर वेळी वेगळ्या वेगाने पसरतो, त्यामुळे माझा क्यू घड्याळावर लावता येईना. डिमरवर हात ठेवून, पाणी बघत बघतच उजेड कमी-जास्त करायचा असं ठरलं. काका पडद्यामागे, मी समोर. त्यांना मी दिसत नाही, मला ते. बादली ओतण्याआधी त्यांनी पडद्याच्या खांबावर बांबू दोनदा आपटायचा, एवढी खूण आम्ही ठरवली.

दिग्दर्शिका आणि काका किती बादल्या लागतील यावर घासाघीस करत होते. तिला दोन पुरेशा वाटत होत्या, ते पाचाखाली यायला तयार नव्हते. व्यवस्थापक मात्र टाकीच्या नळीशी उकिडवा बसून एकच विचारत होता: पंपात गाळ अडकला तर भरपाई कोण देणार?