लक्ष्मीपूजनाची नाईट

आमच्या संस्थेच्या पाटीवर वृद्धाश्रम लिहिलेलं नाही, केअर सेंटर लिहिलंय. पुण्याबाहेर, दोन मजले, ३४ आजी-आजोबा. त्यातले ११ अंथरुणाला खिळलेले, चौघांना नाकातून पोटात जाणारी जेवणाची नळी, रायल्स ट्यूब, उरलेल्यांपैकी निम्म्यांना डिमेन्शिया. रात्री आठ ते सकाळी आठ एक सिस्टर आणि चार मावश्या, असं ठरलेलं. लक्ष्मीपूजनाच्या रात्री सिस्टर मी होते आणि मावश्या दोन. मावश्या पुरवणारा ब्युरोवाला फोनवर म्हणाला, दिवाळीत बाई मिळत नाही. मॅनेजर म्हणाले, "एका रात्रीचा तर प्रश्न आहे सिस्टर, अ‍ॅडजस्ट करा."

बाहेरच्या माणसाला यात काय अडतं ते कळत नाही, म्हणून हिशोबच मांडते. झोपून असलेल्या माणसाची कूस दर दोन तासांनी बदलायची असते. नाहीतर माकडहाडावर कातडी लाल होते, मग काळी पडते, मग खड्डा पडतो आणि तो महिनोन्महिने भरत नाही. कूस बदलणं म्हणजे ढकलणं नव्हे. दोघींनी ड्रॉशीट, म्हणजे अंगाखालची आडवी चादर, धरून उचलायचं. ओढलं की कातडी घासली जाते. पाठ बघायची, डायपर ओला असेल तर बदलायचा, पुसून कोरडं करायचं, पाठीमागे उशी, गुडघ्यांमध्ये उशी, टाचा गादीला न टेकता अधांतरी. कितीही हात चालवला तरी माणशी दहा मिनिटं. अकरा माणसांची ११० मिनिटं. एक फेरी संपते तोवर दुसरीची वेळ झालेली. म्हणजे दोघी मावश्यांनी रात्रभर एवढंच करायचं, आणि तोवर कोणी बेल वाजवायची नाही, कोणाला बाथरूमला लागायची नाही, कोणाला उलटी व्हायची नाही.

नळीचं वेगळंच. फीड म्हणजे पातळ अन्न. त्याआधी सिरिंजने ओढून नळी जागेवर आहे ना ते बघायचं, डोक्याकडची बाजू वर करायची, २०० मिली फीड आपलं आपण उतरू द्यायचं, दट्ट्या दाबायचा नाही, वरून पाणी, आणि पुढे निदान अर्धा तास पेशंटला आडवं करायचं नाही. केलं तर फीड उलटून फुफ्फुसात. म्हणजे त्या अर्ध्या तासात त्याची कूसही नीट बदलता येत नाही. ड्युटी लावणाऱ्यांनी यातलं एकही काम स्वतःच्या हाताने केलेलं नाही, हे त्यांच्या ड्युटीच्या तक्त्यावरून लगेच कळतं.

जीएनएमला, म्हणजे नर्सिंगच्या डिप्लोमाला असताना इंडियन नर्सिंग कौन्सिलचे आकडे पाठ केले होते: शिकवणाऱ्या रुग्णालयात साध्या वॉर्डला तीन पेशंटमागे एक नर्स, इतर रुग्णालयात पाचामागे एक, वर रजांसाठी ३० टक्के जादा. सरकारी वॉर्डात तरी हे कुठे दिसतं म्हणा. पण तिथे निदान "कमी आहेत" असं म्हणता येतं. आमच्याकडे विषय काढला की उत्तर तयार असतं: हे हॉस्पिटल थोडंच आहे? इन्सुलिन आहे, कॅथेटर म्हणजे लघवीची नळी आहे, कफ ओढायचं सक्शन मशीन आहे, फक्त हॉस्पिटल नाही. २०१६ मध्ये सुप्रीम कोर्टाच्या आदेशानंतर नेमलेल्या समितीने ५० खाटांखालच्या खासगी रुग्णालयांतही नर्सला किमान २०,००० पगाराची शिफारस केली, ती आमच्या दारातून याच उत्तराने परत गेली.

त्या रात्री ओव्हर देताना, म्हणजे ड्युटी सोपवताना, संध्याकाळची सिस्टर चपला घालूनच उभी होती. "सगळे स्टेबल. नऊ नंबरच्या आजी थोडं कमी जेवल्यात." तिच्याही घरी पूजा होती, समजू शकते. पण थोडं कमी म्हणजे अर्धी पोळी, आणि जेवणाआधी मिक्स इन्सुलिनचा पूर्ण डोस गेलेला, हे मला शीट वाचून कळलं. दहा वाजता शुगर १३८ होती. मी दूध पाजलं, दोनला पुन्हा बघायचं असं लिहून ठेवलं.

दहानंतर फटाके नाहीत हा नियम वर्तमानपत्रात असतो. आमच्या मागच्या सोसायटीत एक वाजून गेला तरी चालूच होते. वरच्या मजल्यावरच्या आजोबांचा जन्म रेल्वेत गेलाय. प्रत्येक आवाजाला ते उठून बसत, "गाडी लागली, मला जाऊ द्या." त्यांच्यापाशी दोघी मावश्यांतल्या नव्या मुलीला बसवलं. ब्युरोने तिला पाठवून आठवडाही झाला नव्हता. त्याआधी ती घरोघरी पोळ्या लाटायची.

दोनच्या आधीच जुनी मावशी धावत आली. "सिस्टर, नऊच्या आजी गार पडल्यात. गाऊन चिंब झालाय." डायपर बघायला हात घातला आणि ओल कुठली हे तिने ओळखलं. सातवी शिकलेली बाई. तिच्या पगारातून ब्युरो आपला वाटा कापून घेतो, तो कशाबद्दल ते देव जाणे.

शुगर ३८, भलतीच खाली गेलेली. हाकेला ओ नाही, म्हणजे तोंडाने साखर द्यायचा प्रश्नच नाही. २५ टक्के डेक्स्ट्रोज, म्हणजे साखरेचं पाणी, शिरेतून द्यायचं. ऐंशी ओलांडलेल्या हातावर शिरा दिसतात ढीगभर, टोचली की फुटतात. दोन फुटल्या, तिसरी कोपराच्या खाली मिळाली. हे औषध घट्ट असतं, शिरेबाहेर गेलं तर कातडी जाळतं, म्हणून हळू द्यायचं आणि सुईवरची नजर हलवायची नाही. मावशीने टॉर्च आणि हात धरलेला. आणि वरची बेल वाजायला लागली. वाजून थांबली, परत वाजली, मग त्या मुलीचं ओरडणं. मी मावशीला वर पिटाळलं. आजींचा हात गुडघ्याने दाबून धरला, टॉर्च हनुवटीखाली घेतली आणि उरलेलं औषध दिलं. आजींनी डोळे उघडले, माझ्याकडे बघून म्हणाल्या, "कोण गं तू? आणि दिवा कशाला धरलायस?"

वर आजोबांनी कॅथेटर ओढून काढला होता, नळी आत अडकवून ठेवणारा फुगा फुगलेला असताना. चादरीवर रक्त. नवी मुलगी थरथरत होती. शेजारच्या खोलीतल्या आजी पलंगाच्या कठड्यावरून उतरायला लागल्या म्हणून ती तिकडे धावली होती. धावली नसती तर खुब्याचं हाड मोडलं असतं. तिला बोलण्यासारखं काही नव्हतंच.

डॉक्टर फोनवर म्हणाले, रक्त थांबत नसेल तर शिफ्ट करा. १०८ येते, पण सोबत माणूस लागतो. माझ्याकडे पाठवायला माणूस नव्हता. दाब देऊन रक्त थांबलं, पहाटे आजोबांना लघवी झाली, गाठी नव्हत्या, म्हणून सकाळपर्यंत ठेवता आलं. इकडे आजींची शुगर दर अर्ध्या तासाला. मिक्स इन्सुलिनचा सावकाश चालणारा भाग सकाळपर्यंत खाली ओढतच राहतो.

पाचनंतर पोझिशन चार्ट, म्हणजे कूस कधी बदलली याच्या नोंदी, घेऊन बसले. अकरा कागद, प्रत्येकावर दहा, बारा, दोन, चार, सहाचे चौकोन. आमच्याकडे ते पहाटे एकदम भरले जातात: उजवी, डावी, उताणं, सही. मी यायच्या आधीपासूनची पद्धत. त्या रात्री दोनच्या आणि चारच्या चौकोनात मी लिहिलं, "नाही. स्टाफ नव्हता." खाली सही, वेळ.

मॅनेजर ओरडले नाहीत. "सिस्टर, असं लिहितात का? नातेवाईक बघतात. नवीन शीट देतो, भरून टाका." मी नाही म्हटलं. दुपारनंतर ते कागद फाइलमध्ये नव्हते.

ते अपेक्षितच होतं. डोक्यातून जात नाही ते माझ्याबरोबरीच्या सिस्टरचं बोलणं. ती जर्मनीला जायचं म्हणून जर्मन शिकतेय, बी-टू पातळीची भाषेची परीक्षा जवळ आली आहे. लॉकरपाशी गाठून म्हणाली, "तुझ्या चौकोनांनी आमचे भरलेले सगळे खोटे ठरवलेस. उद्या कोणाला बेडसोअर, पाठीला जखम, झाला तर धरतील आम्हाला. तू लिहिलंस, तू सुटलीस."

मी म्हटलं, अगं, वर्षभर शंभर टक्के कूस बदललेली दिसते म्हणूनच ते म्हणतात की आहे त्या माणसांत भागतंय. "ते वाढवणार नाहीतच," ती म्हणाली. "नाव कोणाचं जातं एवढाच प्रश्न आहे." तेही खोटं नाही. पावसाळ्यात एका आजींना जखम झाली, तेव्हा ब्युरोला एक फोन गेला आणि एका मावशीचं काम सुटलं. चार्टवर सह्या आम्हा सिस्टरांच्या होत्या. आम्हाला कोणी काही विचारलं नाही.

ती माझ्याशी आता कामापुरतंच बोलते. ओव्हर मात्र नीट देते, पूर्वीपेक्षा नीट. कोण किती जेवलं तेही सांगते.

पुढच्या महिन्याचा तक्ता लागलाय. नाईटला सिस्टर एकच, मावश्या पाच. ही पाचवी मावशी माझ्या लिहिण्यामुळे आली, की दिवाळी आटपून बायका गावाहून परतल्या म्हणून, हे मी मॅनेजरना विचारलं. ते म्हणाले, "आली ना? मग झालं."